पुढं सरकवलेलं ताट

राहीबाईला वस्तीतले लोक देवभोळी म्हणायचे, आणि ते साफ चूक होतं. तिचं देवाशी भांडण होतं, आणि भांडायला भोळेपणा उपयोगाचा नसतो. पण गावात एकदा माणसाला नाव पडलं की पडलं, मग देव आला तरी ते पुसत नाही.

जामखेडच्या अलीकडं, डांबरी सोडून तीन मैल आत चाळीसेक ख्रिस्ती घरं होती आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचं मिशनचं देऊळ. घंटा म्हणून लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या देवळात प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं, ताट फिरायचं. ताटात भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. ताट राहीबाईपुढं आलं की ती ते दोन्ही हातांनी धरायची, क्षणभर बघायची, आणि एकही तुकडा न उचलता शेजारच्या लंकाबाईकडं सरकवायची. एक महिना नाही की दोन महिने नाही, बावीस वर्षं असंच चाललं होतं.

बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या. म्हणायच्या, "बघा, लेक चुकली आन् आई आजून प्रायश्चित्त घेतीया. अशी माऊली व्हायाची न्हाई." नव्या सुनांना तर वस्तीची खूण म्हणून तिला दाखवायच्या.

कसलं प्रायश्चित्त अन् कसलं काय! ताट फिरायच्या आधी देवळाचे पाळक दर वेळी एकच गोष्ट सांगायचे, की मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी ती सोडा आणि मग हात पुढं करा. बाकीचे लोक अढीही ठेवायचे आणि भाकरही खायचे. तीन बांधांवरची भांडणं डोक्यात घेऊन आमेन म्हणायचे. राहीबाईला तसला दुटप्पीपणा जमत नव्हता. तिनं सरळ हिशोब केला होता की दोन्हीतलं एकच मिळणार. मग तिनं अढी ठेवली आणि भाकर सोडली. त्या अढीचं नाव होतं पुंजाराम, आणि तो तिथंच, पुरुषांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर मांडी घालून बसलेला असायचा.

राहीबाई ही बायबलबाई. म्हणजे मिशननं शिकवून गावोगाव पाठवलेली बाई. नगरच्या मिशनच्या शाळेत चार इयत्ता, मग दोन वर्षांचं शास्त्राचं शिक्षण, आणि मग पांढरं पातळ नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून पायपीट. ऐन उन्हाळ्यात दिवसाला दोन दोन गावं. बायका निवडत-टिपत बसलेल्या असायच्या, तिथं ही बसायची, त्यांच्या सुपातले खडे वेचता वेचता गोष्ट सांगायची. नवरा लवकर गेला. एकच लेक, माधुरी. तिला कडेवर घेऊनच ही गावं हिंडली.

गोष्टी मात्र तिला बायबलच्या जुन्या करारातल्या, येशूच्या आधीच्याच आवडायच्या. नव्यातला देव तिला जरा मवाळ वाटे. जुन्यातला कसा, समुद्र फाडणारा, गावंच्या गावं उलथवणारा, चुकलं की फटका देणारा. आणि तोच मधेच विरघळायचा. म्हणायचा की तुला बोट धरून चालायला मीच शिकवलं होतं, आता तुला टाकू तरी कसा? "त्याचं काय समजत न्हाई बगा," ती बायकांना सांगायची. "एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाताचा घास. कंचा हात कवा म्होरं येईल, नेम न्हाई." बायका हसायच्या, कारण त्यांच्या घरी सासूही तशीच होती.

योनाची गोष्ट तर ती रंगवून सांगायची. देवाचं ऐकलं नाही म्हणून मोठ्या माशानं गिळला, तीन दिवसांनी काठावर ओकून टाकला, मग गेला बापडा निनवे नावाच्या पापी शहरात आणि ओरडला, "चाळीस दिवसांत तुमचा नाश!" इथं राहीबाई थांबायची. पुढं निनवेचे लोक गोणपाट नेसून रडले, देवाला त्यांची दया आली, नाश रद्द झाला, आणि योना रागानं लाल होऊन गावाबाहेर मांडव घालून बसला, हा भाग ती पूर्वी सांगायची. चौऱ्याहत्तर सालानंतर तिनं तो सांगायचा सोडला. तिच्या गोष्टीतलं निनवे कायम नाशाची वाट बघत उभं राहिलं.

चौऱ्याहत्तर साली काय झालं ते आता सांगायलाच हवं. माधुरी अठरा वर्षांची होती. एका ट्रक ड्रायव्हरनं लग्नाचं वचन दिलं आणि तोंड काळं केलं. पोरीला चौथा महिना लागला तेव्हा घरात कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी वस्तीत. मंडळीच्या, म्हणजे देवळातल्या समाजाच्या, पंचांमध्ये तेव्हा पुंजारामाचा शब्द चालायचा. ताठ माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, चालायला लागला तर कोंबड्या बाजूला व्हायच्या. त्यानं निकाल दिला की माधुरीनं शिस्तीला उभं राहायचं. शिस्त म्हणजे काय, तर भर उपासनेत टेबलापुढं उभं राहायचं, शास्त्रातला शिक्षेचा भाग वाचला जाईल तो ऐकायचा, "मी चुकले, मंडळीनं क्षमा करावी" असं म्हणायचं, आणि सहा महिने मागच्या सतरंजीवर बसायचं. तोवर भाकर नाही.

इथवर राहीबाईनंही मान खाली घालून ऐकलं. पण पुंजाराम पुढं म्हणाला, "शास्त्र तिच्या आईनंच वाचावं. मंजे कुनी म्हननार न्हाई की बायबलबाईच्या घराला सूट दिली."

आणि राहीबाईनं वाचलं.

नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. पण मिशनचा पगार होता, पांढरं पातळ होतं, बारा गावांत नाव होतं. आणि खरं सांगायचं तर तिला लेकीचा भयंकर राग आला होता. तेव्हा ती उभी राहिली, आणि देव ज्याच्यावर माया करतो त्यालाच छडीही मारतो, तेव्हा त्याच्या छडीला कंटाळू नको, हा भाग तिनं खणखणीत आवाजात वाचला. जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं चढवायचं तिथं चढवून. माधुरी ज्या फरशीवर उभी होती तिचा एक कोपरा फुटलेला होता, आणि ती पायाच्या अंगठ्यानं त्या फटीतली माती उकरत होती. सुरुवातीला एकदाच तिनं वर बघितलं. कुणाकडं बघितलं ते राहीबाईनं पुढं स्वतःला असं सांगितलं की पुंजारामाकडं. उपासना सुटल्यावर एक म्हातारी राहीबाईजवळ येऊन म्हणाली, "काय वाचलंस गं बाई, आंगावर काटा आला."

चारच्या यष्टीनं माधुरी कुर्डुवाडीला मावशीकडं निघून गेली. जाताना बोलली नाही. बाळंतपणात गेली, आणि बाळही गेलं. राहीबाई पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

परतल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर अंगणात पुंजारामाच्या घराकडं तोंड करून एक मांडव घातला आणि त्यावर दोडक्याचा वेल सोडला. रोज सकाळी चहा घेऊन त्या मांडवाखाली बसायची आणि स्तोत्रांतली शापाची स्तोत्रं म्हणायची. आहेत तशी, लोकांना माहीत नसतात. शत्रूचे दात पाड, त्याचं घर ओसाड कर, त्याचं पोरगं दारोदार फिरू दे. जिथं शास्त्रात नुसतं 'दुर्जन' लिहिलंय तिथं ती पुंजारामाचं नाव घालायची. आणि ती काही चोरून म्हणायची नाही. लंकाबाई कुंपणापलीकडून ऐकायची आणि तिला आधी वाटायचं, बाई प्रार्थना करतेय; पुढं नाव कानावर पडलं, तेव्हा तिला एकटीला ती अढी कळली.

देवानंही थोडंफार ऐकल्यासारखं केलं. पुंजारामाचा मुलगा विजेच्या तारेला चिकटून गेला. सून दुसरं लग्न करून निघून गेली, दीड वर्षाची वृषाली मागं टाकून. राहीबाईला त्या दिवशी आनंद झाला का? झाला. का लपवा? पण पुरला नाही. कारण पुंजाराम मोडला नाही. त्या तान्ह्या पोरीला त्यानं स्वतः वाढवलं. बाटलीनं दूध पाजलं, अंगणात दोन बोटं धरून चालायला शिकवलं, वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. हे सगळं राहीबाई मांडवाखालून बघत होती. तिला वाटायचं, हा माणूस इतका मऊ कुठून झाला? आणि हा मऊपणा चौऱ्याहत्तर साली कुठं पेंड खायला गेला होता?

अशी वर्षं गेली. राहीबाईची नोकरी सुटली, गुडघे गेले, पण पीळ गेला नाही. शहाण्णव साली मंडळीनं पहिल्यांदाच पंचांत एक बाई घेतली, ती राहीबाई. आणि त्याच साली शिर्डीला एका लॉजवर कामाला असलेली वृषाली घरी परत आली. पाचवा महिना होता. पोरगा तिथलाच, हारफुलांच्या दुकानातला. त्यानं हात वर केले होते.

लंकाबाईनं ही बातमी कुंपणावरून सांगितली तेव्हा राहीबाईच्या हातात दोडका होता. तो तिनं नीट सुपात ठेवला. "देवा," ती म्हणाली, "लई उशीर केलास, पर आलास."

दोन दिवसांनी भर दुपारी पुंजाराम काठी टेकत तिच्या अंगणात आला. सत्तरी ओलांडलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. बावीस वर्षांत त्यानं त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. राहीबाईनं त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आपल्याकडं वैऱ्यालाही पाण्याचा तांब्या पुढं करतात. तिनं तांब्या मांडीशी ओढून घेतला. तो आपणच मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"राहीबाई," तो म्हणाला, "पोर ल्हान हाय. आईबापाविना वाढलीया. पंचांत तुमचा शब्द चालतो. तिला उभी करू नगा."

राहीबाईनं तांब्यावरची माशी हाकलली.

"देव दयाळू हाय, बाई. आई तिच्या लेकराला इसरंल, पर मी तुला इसरनार न्हाई, आसं म्हनतोच की त्यो."

"व्हय का?" राहीबाई म्हणाली. "चौऱ्याहत्तर साली ही वळ तुमच्या पुस्तकात छापली न्हवती?"

पुंजारामानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "तवा मी चुकलो. मला तवाच कळाया पायजे हुतं. तुमच्या लेकीचा जीव गेला, त्यात माजं पाप हाय."

आता बघा, माणसानं बावीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघावी ते शब्द समोर आले तर काय व्हावं? राहीबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला तो ताठच हवा होता. ताठ माणसाला मोडण्यात काही मजा असते. हा आधीच वाकून आला होता, गोणपाट नेसलेल्या निनवेसारखा, आणि असल्या रडक्या शहरांना देव सोडून देतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. योनाचा राग तिला आत्ता, त्या क्षणी, पायाच्या नखापर्यंत कळला.

"शिस्त लागंल," ती म्हणाली. "येत्या रविवारी, भाकरीच्या आदी. आन् शास्त्र जवळच्यानंच वाचायचं. तुमीच लावून दिलेली रीत हाय. तवापास्नं आजून दोन घरांत तशीच पाळली. तवा वृषाली हुभी ऱ्हाईल, आन् तुमी वाचाल."

"मला आता नीट दिसत न्हाई, बाई."

"माजं मोठ्या अक्षरांचं पुस्तक हाय. ते घेऊन जावा." ती उठली, आत गेली, पुस्तक आणलं. तो भाग काढला, पानात आगपेटीची काडी खूण म्हणून घातली आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं. कुंपणाच्या दारापाशी तो अडखळला, तेव्हा तिनं मुद्दाम नजर वळवली नाही.

पाळक त्या वर्षी नवाच होता, पंकज नावाचा, नगरच्या सावेडीत वाढलेला, एम-एटीवर फिरणारा. त्यानं पंचांच्या बैठकीत हातच जोडले. "बाई, हल्ली असं कोणी करत नाही हो. शहरात तर ऐकूनही लोक हसतील. मुलीला समजावू, प्रार्थना करू."

"माजी लेक हुभी हुती तवा शहर कुठं गेल्तं?" राहीबाई म्हणाली. "रीत मोडली आसंल तर कागद दावा. न्हाईतर मत घ्या."

मत घेतलं. दोन इकडं, दोन तिकडं. पाचवं राहीबाईचं. पंकज पाळकानं वहीत लिहून घेतलं, त्याचं तोंड कडू झालं होतं. पण राहीबाईबद्दल सगळे म्हणाले, बाईचं मन मोठं, स्वतःच्या लेकीला जो न्याय तोच दुसरीला. परत तीच चूक! लोकांना कधीच कळलं नाही त्या बाईच्या मनात काय आहे ते.

ते चार दिवस राहीबाई सणासारखी जगली. पांढरं पातळ निळीत काढलं. गुडघे दुखत होते तरी अंगण सारवलं. एक दिवस तर गुळाच्या पोळ्या केल्या. मांडवाखाली बसून तिनं डोळ्यांपुढं सगळं आणलं. पुंजाराम कसा उभा राहील, त्याचा आवाज कुठं फाटेल, पोर त्याच्याकडं कशी बघेल. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. तिनं जास्त काहीच मागितलं नव्हतं. जेवढं माप तिच्या पदरात घातलं होतं, तेवढंच, शिगोशीग नाही, सपाट भरून परत. आपल्याला जे झालं ते त्याला व्हावं. त्यानं आपल्या तोंडानं आपलं लेकरू मारावं, आणि मग जगत राहावं. बस्स.

रविवार आला. रुळाचा तुकडा वाजला. देऊळ गच्च भरलं, एरवी नाताळाला न येणारेही आले होते. तमाशाला माणूस कमी पडत नाही. गीतं झाली, प्रार्थना झाली. टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली ताट झाकलेलं होतं. पंकज पाळकानं खाली बघत वृषालीचं नाव घेतलं.

पोर उठली. एकोणीस वर्षांची, अंगावर आजोबाची शाल. पुढं येऊन उभी राहिली ती नेमकी त्याच फरशीवर. कुणी सांगितलं नव्हतं, टेबलापुढं उभं राहायची जागाच ती. फरशी बदलायचा ठराव तीनदा झाला होता, आणि तीनदा राहून गेला होता. वृषालीचा अंगठा त्या फुटक्या कोपऱ्यात गेला आणि माती उकरायला लागला.

राहीबाईनं ते बघितलं. तिनं पदर आवळला आणि पुंजारामाकडं नजर लावली.

तो काठी टेकत पुढं आला. पुस्तक टेबलावर ठेवलं, काडीच्या खुणेशी उघडलं, डोळा पानाजवळ नेला. पत्र्यावर चिमणी चाललेली ऐकू येत होती.

"माझ्या मुला," पुंजारामानं वाचलं.

त्या भागाची सुरुवातच तशी आहे. छडीची गोष्ट पुढं येते, आधी हाक येते. पुंजाराम थांबला. वृषालीनं वर बघितलं. त्यानं परत सुरुवात केली, "माझ्या मुला," आणि परत थांबला. लोकांना वाटलं अक्षर लागत नाही. एकानं कंदील आणू का म्हणून विचारलं, भर सकाळी. पुंजारामानं पुस्तक मिटलं.

"न्हाई वाचता येत मला," तो म्हणाला. "माजी हाय ती."

आणि तो टेबलाला वळसा घालून गेला, पोरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि तिचा हात हातात घेतला. काठी पडली, ती उचलायला कुणी हललं नाही. "आमा दोघास्नी काय शिस्त लावायची ती लावा," तो म्हणाला.

राहीबाईच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती अशी, की फसवलं! परत फसवलं! देवा, तुझ्याकडं मी ह्याचा नाश मागितला होता, आणि तू ह्याला हे दिलंस? पोरीचा हात धरायची बुद्धी ह्याला दिलीस? ह्याला? मी बारा गावं तुझं नाव घेत हिंडले, पायाच्या भेगा बघ माझ्या, आणि मला काय दिलंस, तर वाचायला चांगला आवाज! तिला संताप असा आला की डोळ्यांपुढं काळं झालं. समोर तो म्हातारा उभा होता, तिनं शिजवलेलं सगळं विष गटकन पिऊन, आणि त्याला काहीच झालं नव्हतं.

पंकज पाळक गोंधळून इकडं तिकडं बघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "मग वाचनार कोन? रीत तर पुरी व्हाया पायजे." लंकाबाईनं राहीबाईच्या बरगडीत कोपर मारलं. "ऊठ की गं. तुज्यावानी कोन वाचतं?"

राहीबाई उठली. गुडघे करकरले. टेबलाजवळ गेली, आपलं पुस्तक उघडलं. काडी होती तिथंच होती. पुस्तकाची तिला गरज नव्हती, सगळं पाठ होतं. तरी तिनं पान बघितलं, आणि ते दोन शब्द बघितले, आणि वाचायला तोंड उघडलं.

तेव्हा तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरली कधी होती! बावीस वर्षं दाराला आडणा लावून आत कोंडलेलं बाहेर आलं. माधुरीनं वर बघितलं होतं ते पुंजारामाकडं नव्हे. आईनं खणखणीत आवाजात "माझ्या मुला" म्हटलं, आणि पोरीला वाटलं, आई हाक मारतेय. तिचा चेहरा उजळला होता. तिनं अर्धं पाऊल पुढंही टाकलं होतं. आणि आई पुढची ओळ वाचायला लागली होती. जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं चढवायचं तिथं चढवून. त्या दोन शब्दांवर तेवढी थांबली नव्हती.

पुंजारामानं वाचायला सांगितलं होतं, हे खरं. पण त्यानं तिचे पाय बांधले नव्हते. टेबलाला वळसा घालायला चार पावलं लागतात. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यानं आत्ता घातला.

राहीबाईनं पुस्तक उघडंच ठेवलं. ती चार पावलं चालली. वृषालीपुढं जाऊन उभी राहिली तशी पोर घाबरून आजोबाला बिलगली. राहीबाईला पोर दिसतच नव्हती, ती खाली बघत होती, फरशीकडं.

"सरक बाई जरा," ती म्हणाली. "मला हितं जागा दे."

वृषाली सरकली. राहीबाई त्या फरशीवर उभी राहिली, मंडळीकडं तोंड करून, हात बाजूला सोडून, शाळेतल्या पोरीसारखी. तिचे ओठ हलले. पहिल्या रांगेतल्यांनी तेवढं ऐकलं. ती म्हणत होती, "आले गं माधुरी. आले, आले." आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो वस्तीतल्या लोकांनी ती कुर्डुवाडीहून परतली तेव्हाही ऐकला नव्हता.

पुंजाराम रडत होता. वृषालीला काही कळत नव्हतं, पण तिनं म्हातारीचा दंड धरला होता. शिस्तीचं पुढचं कुणी काढलं नाही. पंकज पाळक तरुण होता, पण त्या दिवशी त्याला सुचलं. त्यानं फडकं काढलं, ताट उचललं आणि बसलेल्यांना सोडून आधी ह्या तिघांपुढं धरलं. नियमानं वृषालीला भाकर नव्हती. त्यानं ताट तिच्यापुढं तसंच धरून ठेवलं, आणि तिनं तुकडा घेतला. पंचांतलं कुणी खाकरलंही नाही. पुंजारामानं घेतला. मग ताट राहीबाईकडं आलं.

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. सवयीनं तिनं आत चाचपून बघितलं, पुंजारामाची अढी आहे का जागेवर. रोज सकाळी घासूनपुसून ठेवलेली वस्तू, ती नव्हती. शेजारी एक नुसता म्हातारा उभा होता, नाक पुसत. त्याचे दात पाडावेत असं काही वाटेना. जागा मात्र रिकामी नव्हती. तिथं पांढरं पातळ नेसून, खणखणीत आवाजात वाचणारी एक बाई उभी होती.

तिनं बराच वेळ त्या तुकड्यांकडं बघितलं. मग ताट सतरंजीकडं सरकवलं.

लंकाबाईनं ते धरलं, पण पुढं घेतलं नाही. "आगं, आता तरी खा की," ती कुजबुजली. "केलंस न्हवं त्याला माफ?"

"त्याला केलं," राहीबाई म्हणाली.